लेकराला आत्ता घरी नेऊ नका

पत्र: ताई, माझा मुलगा सव्वातीन वर्षांचा आहे. चार महिन्यांपूर्वी त्याच्या घशात शेंगदाणा अडकला. तेव्हापासून भाकरी नाही, भात नाही. चहा-बिस्कीट आणि दूध, एवढंच. बळजबरीने पाजलं तर ओकतो. अंगणवाडीत दंड मोजला तर पट्टी तांबड्यावर आली. वजन ९ किलो. आम्हाला पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवलं, आज चौथा दिवस. इथे दोन-दोन तासांनी जरासं दूध देतात, काल नाकातून नळीही घातली. वजन काहीच वाढलं नाही. सासूबाई म्हणतात, लेकरू उपाशी मारायलेत, घरी चल. मालकांना टोळीबरोबर कारखान्याला निघायचंय. शेंगदाणा सासूबाईंनी दिला होता, म्हणून डॉक्टरांना ते सांगितलेलं नाही. काय करू?
– एक आई, गेवराई तालुका

ताई, बाकी सगळं नंतर. आजच्या राउंडला डॉक्टरांना शेंगदाण्याचं सांगा. कुणी दिला ते सांगायची गरज नाही. कधी अडकला, ठसका किती वेळ होता, लेकरू काळंनिळं पडलं होतं का, त्यानंतर खोकला मागे लागलाय का, झोपेत छाती वाजते का, एवढंच सांगा. शेंगदाण्याचा तुकडा श्वासनळीत उतरून महिनोन्महिने तिथेच बसू शकतो आणि साध्या एक्स-रेत तो बहुधा दिसत नाही. त्यामुळे फोटो चांगला आला तरी तुम्ही सांगितल्याशिवाय डॉक्टरांना शंका यायची नाही. तुकडा असेल तर दुर्बिणीने काढतात. नसेल, तरी हे लेकरू हट्टी नाही, गिळायला घाबरतंय, हे त्यांना कळेल. मग उपचाराची दिशाच बदलते.

आता दुधाचं. ते साधं दूध नाही. एफ-७५ म्हणतात त्याला: १०० मिलीत ७५ कॅलरी, प्रथिनं मुद्दाम कमी. ९ किलोच्या लेकराला दर दोन तासांनी १०० मिली, दिवसरात्र मिळून १२ वेळा. बेरीज केलीत तर दिवसाला १,२०० मिलीच्या आसपास आणि साधारण ९०० कॅलरी होतात. हे उपाशी ठेवणं नव्हे. जास्त का देत नाहीत, तर चार महिने अर्धपोटी राहिलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने पेशींत ओढलं जातं. रक्तात ते कमी पडलं की हृदय अडखळतं. खायला मिळायला लागल्यावर लेकरू दगावतं ते यामुळे. म्हणून पहिले काही दिवस वजन वाढवायचंच नसतं. अंगावर सूज असेल तर ती उतरताना वजन उलट घटतं. चौथ्या दिवशी काटा जागेवर आहे म्हणून घाबरू नका.

लोहाचं टॉनिक देत नाहीत, त्यालाही कारण आहे. अंगात जंतुसंसर्ग असताना लोह दिलं तर तो बळावू शकतो. भूक परत आली, वजन चढायला लागलं की सुरू करतात.

रात्री दोनचं दूध चुकवू नका. लेकरू गाढ झोपलेलं असतं, उठवावंसं वाटत नाही, सिस्टरही दमलेल्या असतात. पण पहाटेपर्यंत पोट रिकामं राहिलं तर अशा लेकराची साखर ५४ च्या खाली जाऊ शकते, अंग गार पडतं आणि ते झोपेतच निपचित होतं. मोबाईलला गजर लावा. रात्री त्याला पोटाशी घेऊन झोपा, डोक्याला टोपरं असू द्या.

बाहेरून आणलेलं बिस्कीट, पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट, सासूबाईंनी पदराआड आणलेला चहा, यातलं काही देऊ नका. त्या पाकिटातलं मीठ या दिवसांत शरीराला बाहेर टाकता येत नाही, सूज वाढते, हृदयावर ताण येतो. दिलं असेल तर सिस्टरला सांगून टाका. त्यांच्या तक्त्यावर खरा हिशेब असला तरच पुढचा डोस बरोबर ठरतो.

नळीची भीती मला समजते. लेकराच्या नाकाला चिकटपट्टी लावलेली बघून कुठल्याही आईच्या पोटात कालवतं. पण ती शिक्षा नाही. लागोपाठ दोन-तीन वेळा ठरलेल्या दुधाच्या ८० टक्क्यांहून कमी गेलं की नळी घालतात, म्हणजे तुमच्या मुलाच्या बाबतीत १०० पैकी ८० मिलीच्या आत. नळी नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या टोकापर्यंत मोजून घेतात. नाकपुडीजवळची खूण बघून ठेवा. ती पुढेमागे सरकलेली दिसली तर दूध घालू देऊ नका, आधी सिस्टरला हाक मारा. दर वेळी आधी वाटी-चमच्याने तोंडाने द्यायचं, उरलेलं नळीतून. सिरिंजचा दांडा काढून ती वर धरायची आणि दूध आपसूक उतरू द्यायचं, १० ते १५ मिनिटं. दाबून ढकललं की ओकारी येते. डोकं वर उचललेलं हवं. दूध जाताना खोकला आला किंवा ओठ निळे दिसले तर लगेच थांबवा. तोंडाने नीट जायला लागलं की नळी निघते.

भूक परतली की एफ-१०० सुरू होईल, म्हणजे १०० मिलीत १०० कॅलरीचं जास्त ताकदीचं दूध. दोन दिवस तितकंच माप, मग दर खेपेला १० मिली वाढ, लेकरू थोडं उरवेपर्यंत. तेव्हा काटा बघा: ९ किलोला रोज ९० ग्रॅम वाढ चांगली. ४५ ग्रॅमच्या आत राहिली तर कारण विचारा.

आणि आता खरी गाठ, ती घशातली भीती. बोंडल्याने पाजणं कायमचं बंद. आडवं घेऊन, नाक दाबून घातलेलं दूध फुफ्फुसात जातं आणि भीती दुप्पट होते. सरळ बसवा, चमचा त्याच्याच हातात द्या. डॉक्टरांनी घरचं अन्न सुरू करायला सांगितलं की आधी वरणाचं पाणी, मग दाट वरण, मग घोटलेला वरण-भात, मग दुधात पार कुस्करलेली भाकरी. एका पायरीवर तीन-चार दिवस थांबा. ओकला तर एक पायरी मागे या, त्यात हार मानायची नाही. पहिल्या दिवशी अर्धा चमचा खूप झाला. नुसता बोट लावून चाटला तरी तो घास धरा. २० मिनिटांनी ताट उचला, शाबासकी नाही की रागावणंही नाही. एखादा पदार्थ दहा-बारा वेळा समोर आल्यावर लेकरं हात लावतात, तुम्ही तिसऱ्या वेळी सोडू नका. वाटीभर वरण-भातात चमचाभर तेल किंवा तूप आणि चमचाभर बारीक कूट घालायला विसरू नका. अख्खा शेंगदाणा, फुटाणे, बोराची आठोळी, सीताफळाची बी पाच वर्षांपर्यंत हातात द्यायची नाही.

मालकांना म्हणावं, तुम्ही व्हा पुढे, आम्ही निदान चौदा दिवस, लागले तर जास्त, पुरे करून येतो. केंद्रात आईला जेवण आणि बुडीत मजुरी मिळते. पासबुक-आधारची झेरॉक्स सिस्टरकडे द्या. वजन साधारण १५ टक्के वाढलं, म्हणजे तुमच्याकडे १० किलो ३५० ग्रॅमच्या आसपास, की सुट्टी. तिथे कारखान्याच्या तळावर जावं लागलं तर डिस्चार्ज कार्ड सोबत ठेवा, जवळच्या अंगणवाडीत नाव घाला, पाठपुराव्याच्या तारखा आरोग्य केंद्रात दाखवा.

सासूबाईंवर राग धरू नका. त्यांच्याही मनाला तो शेंगदाणा टोचत असणार, म्हणून तर लेकराला घरी न्यायची घाई. दुपारच्या दुधाच्या वेळी त्यांना बोलवा. चमचा नातवाच्या हातात असेल, त्यांनी फक्त शेजारी बसून गाणं म्हणायचं.