मला मुलींना सोडवायचंय, कोणता कोर्स करू?

प्रश्न : मी मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात आमच्या कॉलेजात, देहव्यापारात अडकवलेल्या मुलींची सुटका करणाऱ्या एका कार्यकर्तीचं भाषण झालं. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. शिक्षण थांबवून लगेच अशा एखाद्या संस्थेत कामाला लागावं असं वाटतं. आई म्हणते, "हे पोलिसांचं काम, तू कशाला त्यात पडतेस? आणि रात्री-बेरात्री फोन आला तर तुझ्याबरोबर कोण जाणार?" यात खरंच करिअर होतं का? कोणता कोर्स करू? पोटापुरतं मिळेल का?

उत्तर : भाषण ऐकून पेटून उठलेली मुलं मला दर वर्षी भेटतात. त्यांतली फार थोडी शेवटी पोटाचा प्रश्न विचारतात. तू विचारलास, म्हणून तुझ्याशी मोकळेपणानं बोलते.

आधी मुख्य गोष्ट. शिक्षण सोडू नकोस. भरून आलेलं मन आणि अर्धवट शिक्षण घेऊन निवारागृहात आलेली कार्यकर्ती तिथल्या मुलींसाठी सांभाळून घ्यायचं आणखी एक माणूस होऊन बसते. त्यांना ते परवडणारं नसतं.

आईचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. धाड घालणं पोलिसांचंच काम. संस्थेची माणसं धाडीच्या आधी आणि नंतर लागतात: खात्रीची माहिती पोचवायला, मुलीशी तिच्या भाषेत बोलायला, जबाब नोंदवताना शेजारी बसायला. भाषणात सुटकेची रात्र ऐकताना अंगावर काटा येतो, पण त्या मुलीच्या बाजूनं ती रात्र वेगळी दिसते. दार धडाधड वाजतं, गणवेशातली माणसं आत येतात. दलालानं तिला कित्येक महिने सांगितलेलं असतं की पोलीस आले तर तुलाच तुरुंगात टाकतील, आणि डोक्यावरचं कर्ज घरच्यांकडून वसूल होईल. म्हणून कुणी माळ्यावर लपतं, कुणी वय खोटं सांगतं, कुणी "मी माझ्या मर्जीनं इथं आहे" म्हणतं. तिला सोडवायला आलेल्यांवर ती ओरडतेसुद्धा. हे समजून घ्यायला शिकावं लागतं, तळमळ असली म्हणून ते आपोआप येत नाही. सुटका म्हणजे एक रात्र. पुनर्वसनाला वर्षं लागतात, आणि माणसं कमी पडतात ती तिथेच.

या कामाचा आवाका आधी लक्षात घे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि तिच्या सहकारी संस्थांच्या अंदाजानुसार 2021 साली जगभरात सुमारे 63 लाख माणसं सक्तीच्या देहव्यापारात होती. त्यांतल्या पाचांपैकी जवळजवळ चार स्त्रिया आणि मुली. उरलेले पुरुष आणि मुलगे, ज्यांच्यासाठी निवारागृहं शोधूनही सापडत नाहीत.

आता कोर्स. 2000 साली संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनं मानवी तस्करीविरोधी करार स्वीकारला, त्याला पालेर्मो प्रोटोकॉल म्हणतात. त्याच्या सहाव्या कलमात पीडितांना काय मिळावं ते लिहिलंय: योग्य निवारा, समुपदेशन आणि हक्कांची माहिती, तीही त्यांना कळेल अशा भाषेत, वैद्यकीय, मानसिक आणि गरजेच्या वस्तूंची मदत, नोकरी, शिक्षण, प्रशिक्षणाच्या संधी. ते कलम मी करिअरची यादी म्हणूनच वाचते. निवारागृह चालवायला आणि प्रत्येक मुलीची फाइल पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत हाताळायला समाजकार्य शिकलेली माणसं लागतात. हक्कांसाठी वकील, भाषेसाठी दुभाषे, शरीरासाठी डॉक्टर आणि परिचारिका.

तुझ्या विषयातून दोन वाटा निघतात. समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी घेतलीस तर केसवर्कर होशील. तुझे दिवस कागदपत्रं, कोर्टाच्या तारखा, घरच्यांची चौकशी यांत जातील. ही चौकशी किरकोळ समजू नकोस. विकणारा कधी कधी घरातलाच असतो, आणि नीट न बघता मुलीला घाईनं घरी पाठवलं की ती पुन्हा त्याच दलालाच्या हाती पडू शकते. दुसरी वाट चिकित्सा मानसशास्त्राची. ती लांबची आहे: पदव्युत्तर पदवी, मग देखरेखीखालचं प्रशिक्षण. ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी आघातातून सावरण्याचे तीन टप्पे सांगितले आहेत: सुरक्षितता, मग घडलेलं आठवून त्याचा शोक करणं, मग माणसांशी पुन्हा जोडलं जाणं. नवशिक्या मुलांना दुसऱ्या टप्प्याची फार घाई असते. कहाणी ऐकायची असते. पहिला टप्पाच महिनोन्‌महिने चालतो. झोप लागणं, जेवण जाणं, खोलीची कडी आतून लावता येणं.

त्या कलमातली शेवटची बाब, सुटलेल्या मुलींच्या नोकरीची. ती माझ्या धंद्याची, म्हणून तिच्याबद्दल जरा जास्त बोलते.

काही वर्षांपूर्वी मी एका निवारागृहात कल चाचणी घ्यायला गेले होते. समोर विशीच्या आतबाहेरची मुलगी बसली होती. मी नेहमीचा पहिला प्रश्न विचारला, "तुला काय करायला आवडतं?" ती बराच वेळ गप्प. मग तिनंच विचारलं, "कोणतं उत्तर दिलं तर चालेल?" मी चाचणीचे कागद मिटून पिशवीत टाकले. समोरच्याला हवं तेच बोलायचं, यावर जिनं दिवस काढले, तिच्या आवडीला गुण कसले देणार?

तिच्यासाठी शिलाईचा वर्ग ठरलेला होता. असे वर्ग मी पुष्कळ पाहिलेत. शिलाई, पार्लर, मेणबत्त्या. वाईट काम यांतलं कुठलंच नाही. वाईट हे की तिला कुणी विचारलेलंच नसतं. आधी एकानं तिचं सगळं ठरवलं, आता आपण ठरवतो. त्या मुलीच्या केसवर्करनं मात्र चार महिने वाट पाहिली. एकदा तपासण्यांसाठी बसलेली असताना ती तंत्रज्ञाचे हात टक लावून बघत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "नळीवर नाव नव्हतं, नुसता नंबर. कुणाचं रक्त आहे ते तिथं कुणाला कळत नाही." तिथून प्रयोगशाळेतल्या मदतनीसाच्या प्रशिक्षणाची चौकशी सुरू झाली. अर्जात 'यापूर्वीचा अनुभव' असा रकाना होता. तीन वर्षं मोकळी. त्या एका रकान्यापुढे दोघी अख्खी दुपार बसल्या. खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं सांगायला कुणी बांधील नव्हतं. शेवटी 'घरगुती कारणास्तव शिक्षणात खंड' असं लिहायचं तिचं तिनंच ठरवलं. केसवर्करनं ते वाचलं आणि मान डोलावली, एवढंच.

तू शिकायचं आहेस ते हे. अशी दुपार तुला कंटाळवाणी वाटणार असेल तर आत्ताच कळलेलं बरं.

पैशाचं सांगते. सुरुवातीचा पगार कमी असतो. नोकऱ्या बहुतेक प्रकल्पावरच्या; निधी संपला की करारही संपतो. म्हणून पदवी अशी घे, जिच्या जोरावर रुग्णालयात, शाळेत, न्यायालयाशी जोडलेल्या कामातही नोकरी मिळेल. चार वर्षं हे काम केलंस, थकलीस, दोन वर्षं दुसरीकडे गेलीस, परत आलीस, तर त्यात कमीपणा नाही. रोज असं ऐकणाऱ्याच्या मनावर त्याचा ओरखडा उठतोच. झोप उडते, प्रत्येक माणसाचा संशय येऊ लागतो. म्हणून नोकरीच्या मुलाखतीत विचार : मला नियमित सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी माणसाशी माझ्या कामाबद्दल बोलायची ठरलेली वेळ, मिळेल का? एका केसवर्करकडे किती मुली असतात? उत्तराऐवजी "इथं सेवाभाव लागतो" असं ऐकू आलं तर तिथं जाऊ नकोस.

आणि सुटका केलेल्या मुलींचे फोटो वापरून देणग्या मागणारी संस्था असेल, तर चेहरा झाकलेला असला तरी तिच्यापासून लांब राहा. कपडे, हात, मागची भिंत यांवरूनही माणूस ओळखू येतो. तस्करीतून आलेल्या स्त्रियांची मुलाखत कशी घ्यावी याची सूत्रं जागतिक आरोग्य संघटनेनं 2003 साली दिली. एकूण दहा. पहिलं, इजा करू नका. पाळता येणार नाहीत अशी वचनं देऊ नका, हेही त्यांत आहे. ती दहाही वाचून वहीत उतरवून घे, पुढे रोज लागतील.

आत्ता काय करशील? तिसरं वर्ष पूर्ण कर. आणखी एक भाषा बोलता येईल इतकी शिक. मुली दूरदूरहून आणलेल्या असतात, आणि स्वतःच्या भाषेतलं पहिलं वाक्य ऐकून कोसळणारी मुलगी मी पाहिली आहे. सुट्टीत निवारागृहात 'मुलींना भेटायला' जाऊ नकोस, त्या बघायला ठेवलेल्या नाहीत. महिलांसाठीच्या एखाद्या हेल्पलाइनचं प्रशिक्षण घे, नाहीतर कायदेविषयक मदत केंद्रात फाइली लावायचं काम माग. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तुला कळेल, आपण केसवर्कर व्हायचं की मानसशास्त्रज्ञ.

राहिला आईचा दुसरा प्रश्न, रात्री तुझ्याबरोबर कोण जाणार. तो तू माझ्याकडे तक्रारीसारखा पाठवलायस, पण तुमच्या दोघींत नेमकं बोट तिनंच ठेवलंय. चांगल्या संस्थेत त्याचं लेखी उत्तर असतं: एकटं कुणी जात नाही, कोण कुठं आहे ते कार्यालयात नोंदलेलं असतं, घरचा पत्ता कुणाला दिला जात नाही. पहिल्या मुलाखतीला जाताना तो प्रश्न आईच्याच शब्दांत लिहून ने.