‘गॅस पास झाला का?’

प्रश्न : वडिलांचं प्लीहेचं ऑपरेशन पोट उघडून झालं. आतड्याला सुरी लागलीच नव्हती, असं सर्जननीच सांगितलं. तरी पुढे राउंडला येणारा जो तो ‘गॅस पास झाला का?’ एवढंच विचारायचा. भरल्या खोलीत बाबांची पंचाईत व्हायची. न कापलेलं आतडं बंद का पडलं? आणि चौकशी नेमकी गॅसचीच का?

उत्तर : हा प्रश्न वॉर्डात मीही आयुष्यभर विचारत आलोय. खासगीत विचारावा हे मान्य, पण विचारावा लागतोच.

आधी ऑपरेशनच्या टेबलाशी या. लहान आतड्याचं एखादं वेटोळं बाहेर घेऊन बोटानं हलकी टिचकी मारली, की त्या जागी आवळलेल्या कड्यासारखी पांढरट वळी उठते, जरा सरकते आणि विरते. पेशंट तेव्हा गाढ भुलीत असतो. आतड्याचा कापून काढलेला तुकडा तर ट्रेमध्ये ठेवल्यावरही काही मिनिटं वळवळत राहतो. थिएटरला नवीन असलेल्या सिस्टरचं लक्ष मग आमच्याकडे नसतं, ट्रेकडे असतं. आतडं मेंदूच्या हुकमानं हलतं म्हणावं, तर या तुकड्याला हुकूम दिला कोणी?

१८९९ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी (दोघे नात्यानं मेहुणे) हेच तपासलं. भूल दिलेल्या कुत्र्याच्या आतड्याकडे बाहेरून येणारे मज्जातंतू त्यांनी तोडले, तरी त्याचं काम थांबलं नाही. आत काही अडकलं की त्याच्या मागचा भाग आवळायचा आणि पुढचा सैल पडायचा. पायजम्यात नाडी ओवताना आपण पिनेच्या मागचं कापड चिमटीत धरतो आणि पुढचं मोकळं सोडतो, तसंच. यालाच पेरिस्टाल्सिस म्हणतात.

हे चालवणारी मंडळी आतड्याच्या भिंतीतच राहतात. तिथे स्नायूंचे दोन थर असतात, आतला गोल आणि बाहेरचा लांबट. त्यांच्या मधोमध मज्जापेशींचं एक जाळं आणि अस्तराखाली दुसरं. घशापासून गुदद्वारापर्यंत मिळून या पेशी १० कोटींच्या वर भरतात. अन्नानं भिंत ताणली, की अस्तरातल्या काही पेशी सेरोटोनिन नावाचं निरोप्या रसायन सोडतात (शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन पोटात असतं, डोक्यात नव्हे!) आणि जाळ्यातून दोन निरोप निघतात. मागच्या स्नायूला ‘आवळ’, पुढच्याला ‘सोड’.

यातला ‘सोड’ बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. काही बाळांच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात या मज्जापेशी जन्मतःच नसतात. स्नायू तिथेही असतो, पण त्याला सैल हो म्हणणारं कोणी नसतं. तो आवळूनच राहतो, आणि त्याच्या मागचं निरोगी आतडं तुंबून फुगत जातं. याला हर्शस्प्रुंग आजार म्हणतात. जन्मल्यावर ४८ तासांत बाळाला पहिली शी झाली नाही, तर आम्ही कान टवकारतो ते यासाठी. उपाय एकच, तेवढा भाग काढून वरचं चांगलं आतडं खाली जोडणं.

आता तुमचे बाबा. इतकं स्वतंत्र आतडं थांबलं, कारण मेंदू आणि मज्जारज्जू त्याला चालवत नसले तरी ब्रेक लावू शकतात. क्ष-किरण नुकतेच सापडले होते त्या काळात अमेरिकेत वॉल्टर कॅनन हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ मांजरांचं जठर त्या किरणांखाली बघत असत. मांजर बिथरलं की जठराच्या लाटा थांबायच्या, शांत झालं की पुन्हा सुरू. पोटावर चीर पडणं म्हणजे शरीराच्या लेखी याहून मोठा हल्ला. त्यात प्लीहेपर्यंत पोचायला आतडी हातानं बाजूला सारावी लागतात. तेवढ्या हाताळण्यानंही स्नायूला बारीकशी सूज येते. शिवाय दुखू नये म्हणून मॉर्फिनच्या जातीचं औषध दिलेलं असेल, तर तेही याच मज्जापेशींना गप्प करतं.

पुन्हा जाग येते ती क्रमानं. लहान आतडं काही तासांत हलू लागतं, जठर एकदोन दिवसांत, मोठं आतडं सगळ्यात शेवटी, दोनतीन दिवसांनी. स्टेथोस्कोपला गुरगुर ऐकू आली तरी शेवटचा टप्पा चालू झालाय की नाही ते कळत नाही. वारा सरला की कळतं. कुठलंही मशीन न लागणारी याहून चांगली तपासणी मला तरी माहीत नाही.

पूर्वी गॅस होईपर्यंत पाण्याचा थेंबही देत नसत. आता बऱ्याच ऑपरेशननंतर लवकरच घोट घोट सुरू करतात, पेशंटला चालवतात, कुठे कुठे च्युइंगमही चघळायला देतात. चघळलं की मेंदूतून पोटाकडे जाणाऱ्या व्हेगस नर्व्हला वाटतं जेवण येतंय, आणि ती खाली वर्दी देते. मला हा बदल पसंत आहे. पण पोट फुगत चाललं, उलट्या होऊ लागल्या, तर खाणं थांबवून सर्जनला बोलवायचं.

प्रश्न : शीर्षासनात पाणी प्यायलं तर ते पोटात जाईल का? (इयत्ता आठवी)

उत्तर : जाईल. अन्ननलिका जेमतेम २५ सेंटीमीटर लांब. तिची लाट घासाला ८ ते १० सेकंदांत जठरात पोचवते, चढ असला तरी. अंतराळवीर असेच जेवतात. सरळ बसून प्यायलेलं पाणी मात्र लाटेच्या आधीच खाली पोचतं. प्रयोग करू नकोस, ठसका लागून पाणी श्वासनलिकेत जाईल.

प्रश्न : उपाशी पोट गुरगुरतं, मग त्यात हलतं काय?

उत्तर : उरलंसुरलं अन्न, पाचकरस आणि हवा. पोट रिकामं असताना दर ९० ते १२० मिनिटांनी जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत झाडलोट करणारी एक जोरकस लाट जाते. तिच्या रेट्यानं हवा आणि पाणी घुसळलं की आवाज होतो. खाल्लं की हा कार्यक्रम तिथेच बंद पडतो. म्हणून तासातासाला काहीतरी तोंडात टाकणाऱ्यांची झाडलोट दिवसभर खोळंबते, ती होते रात्री झोपेत.