बास मासा धरण्यात लोकांना एवढा आनंद का वाटतो?

आपण विचारले आहे की, अमेरिकेतले लोक बास नावाच्या गोड्या पाण्यातल्या माशासाठी एवढा आटापिटा का करतात, आणि धरलेला मासा बहुतेक वेळा परत पाण्यात सोडायचाच असेल, तर त्यांना त्यातून मिळते तरी काय. मी सांगलीचा आहे. कृष्णाकाठी आणि मिरज-तासगाव भागातल्या पाझर तलावांवर लहानपणापासून गळ टाकत आलो आहे. थोरले बंधू टेक्सासमध्ये डॅलसला असतात, त्यामुळे त्यांच्याकडे मुक्कामाला गेलो की रीतसर परवाना काढून तिथल्या तलावांवर बासच्याही मागे जातो. दोन्ही पाण्यांची ओळख असल्यामुळे हे उत्तर लिहावेसे वाटले.

माझ्या मते बासचे सगळे आकर्षण एका गोष्टीत आहे: हा मासा आमिष खायला येत नाही, तो आमिषावर चालून येतो. आपल्याकडे रोहू, कटला किंवा मृगळ धरायचा म्हणजे कणकेत पेंड मिसळून गोळा करायचा, गळ दूर फेकायचा, दांड्याच्या टोकाला घुंगरू बांधायचे आणि सावलीला जाऊन बसायचे. मासा वासाने येतो, गोळा चाचपतो, थोडा चघळतो, आणि घुंगरू वाजेपर्यंत आपल्याला वाट पाहण्यापलीकडे फारसे काम नसते. त्यातही सुख आहे आणि मी ते भरपूर घेतले आहे. बासच्या बाबतीत मात्र वाट पाहून भागत नाही. त्याला चिथवावे लागते, आणि चिथवायचे तर तो कुठे बसला आहे, कशाकडे पाहतो आहे आणि या घडीला कशावर झडप घालील, याचा अंदाज आधी बांधावा लागतो. तो अंदाज खरा ठरल्याचा पुरावा दोरीतून हातात येतो, आणि लोक त्या क्षणासाठीच पहाटे उठतात.

हे नीट समजण्यासाठी हा मासा शिकार कशी करतो ते पाहावे लागेल. बासचे दोन प्रकार सर्वांत प्रसिद्ध आहेत. मोठ्या तोंडाचा बास म्हणजे लार्जमाउथ हा संथ, कोमट, पाणवनस्पती असलेल्या पाण्यात राहतो. स्मॉलमाउथला थंड, स्वच्छ आणि खडकाळ तळाचे पाणी मानवते. मी अनुभवला तो मुख्यतः लार्जमाउथ. हा मासा भक्ष्याच्या मागे लांबवर पळत नाही. बुडालेले ओंडके, लाकडी धक्क्याखालची सावली, पाणगवताची कड अशा आडोशाला तो मांजरासारखा दबा धरून बसतो. अंगाचा हिरवट रंग आणि कुशीवरचा काळपट पट्टा यांमुळे तो तिथे सहज दिसत नाही. डोळे तर तीक्ष्ण असतातच, शिवाय पाण्यातली बारीक थरथर त्याला अंगावरच्या पार्श्वरेखेमुळे (कुशीवरून जाणाऱ्या, कंपने टिपणाऱ्या रेषेमुळे) जाणवते, म्हणून गढूळ पाण्यात किंवा अंधारातही तो नेमकी झडप घालतो. झडप म्हणजे चावा नव्हे. त्याचा जबडा डोळ्याच्याही मागपर्यंत फाकतो, आणि तो निमिषात उघडला की समोरचे पाणी भक्ष्यासकट आत ओढले जाते. आमिष एका क्षणी पाण्यात असते, दुसऱ्या क्षणी त्याच्या तोंडात असते.

शिवाय बास प्रत्येक वेळी भुकेपोटीच झडप घालतो असे नाही. पोट भरलेला मासाही नाकासमोरून अचानक काही निसटताना दिसले की तोंड टाकतो. विणीच्या काळात तर तो रागानेच धावून येतो. वसंतात पाणी सुमारे 16 ते 20 अंश सेल्सिअसपर्यंत तापले की नर उथळ पाण्यात शेपटीने तळ झाडून गोल खळगा करतो, मादी त्यात अंडी घालून निघून जाते, आणि पुढे अंड्यांची व पिल्लांची राखण एकटा नर करतो. जवळ येईल त्याला तो हुसकावतो. म्हणजे भूक, सवय आणि राग या तीन वेगवेगळ्या कारणांनी तो आमिष घेऊ शकतो, आणि आज यांपैकी कोणते कारण लागू पडेल हे ओळखणे ही गळ टाकणाऱ्याची कसोटी असते.

आता आमिषाबद्दल, कारण खरी गंमत तिथेच आहे. बाससाठी बहुतेक लोक खोटे आमिष वापरतात. निक क्रीम नावाच्या गृहस्थांनी 1949 साली ओहायोमध्ये मऊ प्लास्टिकचे गांडूळ तयार केले, आणि आजही बाससाठी त्याच्याइतके खात्रीचे आमिष क्वचितच सापडेल. मी ते डॅलसच्या पूर्वेला असलेल्या लेक फोर्क जलाशयावर वापरायला शिकलो. हा जलाशय 1980 च्या सुमारास भरला तेव्हा पुष्कळ झाडे तशीच उभी ठेवली होती. त्यामुळे आजही पाण्यातून वठलेल्या खोडांचे वनच्या वन वर आलेले दिसते. अशा ठिकाणी उघडा गळ टाकला तर तो पहिल्याच फेकीला लाकडात रुतेल. म्हणून गळाचे टोक गांडुळाच्या अंगातच लपवतात आणि पुढे गोळीच्या आकाराचे छोटे वजन लावतात. या जोडणीला टेक्सास रिग म्हणतात. ती खोडाच्या बुंध्याशी सोडायची, तळाला टेकू द्यायची, दांड्याचे टोक वीतभर उचलायचे आणि पुन्हा खाली सोडायचे. लाकडावरून वजन घसरले की दोरीत खरखर जाणवते, चिखलात बसले की जडपणा येतो, गवतात अडकले की हळूहळू ताण वाढत जातो. ही सगळी भाषा बोटांनी शिकावी लागते. मग मध्येच एक बारीक टुक् होते, इतके बारीक की लक्ष नसेल तर कळतही नाही, आणि ढिली पडलेली दोरी पाण्यावर आडवी सरकू लागते. माशाने गांडूळ उचललेले असते. आता दोरी गुंडाळून ताण घ्यायचा आणि दांडा जोराने वर ओढायचा, म्हणजे टोक प्लास्टिकमधून बाहेर येऊन जबड्यात बसते. उशीर झाला तर ते खोटे आहे हे ओळखून मासा गांडूळ थुंकून टाकतो. पाच-सहा मीटर खोल, न दिसणाऱ्या पाण्यातला एक जीव आपल्या हातच्या हालचालीला फसला, ही जाणीव विलक्षण असते.

पाण्यावरचे आमिष याच्या अगदी उलट. तिथे सगळे डोळ्यांसमोर घडते. सूर्य उगवण्यापूर्वी, वारा पडलेला असताना, पाणगवताच्या कडेने पोकळ रबरी बेडूक ओढत आणायचा, दोन टप्पे चालवायचा आणि थांबवायचा. तो थांबलेला असतानाच बहुतेक वेळा खालून पाणी फुटते. मोठा आवाज होतो, बेडूक दिसेनासा होतो, आणि छातीत धस्स होते. इथे नवखा माणूस दचकून लगेच दांडा ओढतो आणि बेडूक माशाच्या तोंडातून सुटून हवेत उडतो. आवाज ऐकून ओढायचे नसते. दोरीवर वजन आले की मगच ओढायचे असते. स्वतःच्या दचकण्यावर ताबा ठेवण्याचा हा सराव फार कठीण आहे, आणि म्हणूनच लोकांना त्याची ओढ लागते. गळ लागला की बास पाण्याबाहेर झेपावतो, तोंड वासून डोके झाडतो आणि कित्येकदा गळ झटकून मोकळा होतो. वजनाने तो फार मोठा नसतो, दीड-दोन किलोचा मासा हाती आला तरी दिवस चांगला गेला असे मानतात. पण त्या वजनाच्या मानाने त्याची झुंज मोठी असते.

अभ्यासाची आवड असलेल्या माणसाला यात आणखी एक सुख मिळते. कालची जागा आज चालत नाही. वसंतात उथळ पाण्यात असलेला मासा भर उन्हाळ्यात पहाटे आणि तिन्हीसांजेला कडेला येतो आणि दुपारी खोलवर किंवा दाट सावलीत जातो. थंडीत त्याची हालचाल मंदावते, मग आमिषही अगदी संथ चालवावे लागते. आभाळ भरून आले, वारा फिरला, पाणी गढूळले, की आमिषाचा रंग, वेग आणि खोली बदलून पाहावी लागते. धरलेल्या माशाच्या संख्येपेक्षा, तो का धरला गेला हे उमगल्याचा आनंद मला अधिक वाटतो.

हा मासा सर्वांच्या आवाक्यातलाही आहे. मूळचा तो उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडचा. पण आज अलास्का सोडला तर अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात लार्जमाउथ सापडतो, आणि तोही मोठ्या जलाशयांपासून शेतातल्या तळ्यापर्यंत. महागडी होडी नसली तरी काठावरून एक दांडा आणि पाकीटभर प्लास्टिकची गांडुळे एवढ्यावर काम भागते. मोठ्या माशाची आस तर प्रत्येकाला असतेच. जॉर्ज पेरी यांनी 2 जून 1932 रोजी जॉर्जिया राज्यात धरलेला 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे सुमारे दहा किलोचा बास हा विक्रम सत्त्याहत्तर वर्षे अबाधित होता. 2009 साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी जवळजवळ तेवढ्याच वजनाचा मासा धरून त्याची बरोबरी केली.

आता सोडून देण्याविषयी. बास खाल्ला जात नाही हा समज बरोबर नाही. त्याचे मांस पांढरे आणि चवीला सौम्य असते, आणि नियमात बसणारे मासे घरी नेणारे लोकही आहेत. परंतु मोठा मासा तयार व्हायला बरीच वर्षे लागतात, आणि धरणारे लाखोंनी आहेत. रे स्कॉट यांनी 1967 साली आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर बासची मोठी स्पर्धा भरवली आणि पुढे या खेळाला संघटित रूप दिले. स्पर्धेत धरलेले मासे मरून वाया जातात हे पाहून त्यांनी 1972 पासून मासे होडीतल्या पाणी खेळत्या टाकीत जिवंत ठेवून, वजन करून, परत सोडण्याची रीत रूढ केली. सरकारी नियमही त्याच दिशेने आहेत. लेक फोर्कवर 16 ते 24 इंच लांबीचा बास ठेवताच येत नाही, कारण त्याच मापाचे मासे पुढे मोठे होणार असतात. टेक्सासच्या वन्यजीव खात्याने तर 1986 पासून 13 पौंडांवरचे बास लोकांकडून तात्पुरते घेऊन त्यांच्यापासून पिल्ले काढण्याचा उपक्रम चालवला आहे. हात ओले करून, खालच्या जबड्याला अंगठ्याने धरून, दुसरा हात पोटाखाली देऊन, गळ काढून मासा पाण्यात धरावा, आणि तो स्वतःहून शेपटी मारेपर्यंत सोडू नये. आपण ज्यासाठी आलो होतो ती गोष्ट तोवर घडून गेलेली असते, त्यामुळे मासा पिशवीत गेला नाही याची रुखरुख वाटत नाही. माझ्या मते मात्र राखणीवर बसलेल्या नराला छेडणे, मग त्याला नंतर सोडून दिले तरी, क्षम्य ठरत नाही, कारण तो क्षणभर जरी खळग्यापासून दूर गेला तरी टपलेले लहान मासे अंडी फस्त करतात.

हे वाचून आपल्याकडच्या तलावांतही बास सोडावा असे कोणाच्या मनात येऊ शकते, म्हणून स्पष्ट लिहितो: असे कदापि होऊ नये. जपानमध्ये 1925 साली हौसेने आणलेल्या बासने तिथल्या स्थानिक माशांचे एवढे नुकसान केले की 2005 पासून जिवंत बास पाळण्यावर आणि वाहून नेण्यावर तिथे कायद्याने बंदी आहे. बाहेरून आलेली चिलापी आपल्या पाण्यात कशी माजली आहे ते कृष्णाकाठचा कोणीही भोई सांगेल.

आणि आपल्याला बासची गरजही नाही, कारण मरळ आहे. तीही आडोशाला दबा धरते, बेडकावर तशीच पाणी फोडून झडप घालते, आणि पिल्लांची राखण करताना तशीच रागाने धावून येते. आपण सातारा-सांगलीकडचे असाल, तर जलपर्णीची कड असलेला एखादा पाझर तलाव किंवा जुनी खाण गाठावी. आधी तिथल्या मच्छीमार संस्थेची किंवा ठेकेदाराची परवानगी घ्यावी. नदीवर जाणार असाल, तर सांगलीच्या वर आणि खाली कृष्णेत मगरी आहेत हे ध्यानात ठेवून पाण्यापासून चार पावले मागे उभे राहावे. पावसाळ्यात पाण्यावर मरळीच्या तांबूस पिल्लांचा थवा दिसला तर ती जागा सोडून पुढे जावे. मरळ अधूनमधून श्वासासाठी वर येते. पाण्यावर तसा बुडबुडा फुटलेला दिसला की त्याच्या पलीकडे रबरी बेडूक टाकून सावकाश त्या जागेवरून ओढत आणावा. अशा गवतात तंगूस ताणला जातो आणि गळ माशाच्या जबड्यात रुतत नाही, म्हणून ब्रेडेड म्हणजे विणलेली, न ताणणारी दोरी लावावी.