वाचकांचे प्रश्न: आरएसव्हीच्या लसीला इतका उशीर का झाला?

प्रश्न: माझ्या चार महिन्यांच्या नातवाला साधी सर्दी झाली आणि दोनच दिवसांत छाती भरून श्वासाबरोबर घरघर ऐकू येऊ लागली. बालरोगतज्ज्ञांनी आरएसव्ही या विषाणूचे निदान केले आणि हा विषाणू फार जुना असल्याचेही सांगितले. कोविडची लस वर्षभरात तयार झाली, मग याच लसीला एवढी वर्षे का लागावीत? (एक आजी, सांगली)

उत्तर: हा विषाणू 1956 मध्ये अमेरिकेत प्रथम चिंपांझींमध्ये सापडला आणि लवकरच विषाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट चॅनॉक यांनी तो आजारी बालकांमध्येही दाखवून दिला. लसीचा पहिला मोठा प्रयत्न त्यानंतर दहाएक वर्षांतच झाला. पुढचा विलंब झाला तो त्या प्रयत्नातून जे घडले त्यामुळे. साल्क यांच्या पोलिओ लसीप्रमाणेच फॉर्मॅलिनने निष्क्रिय केलेला विषाणू 1966 च्या सुमारास तान्ह्या मुलांना टोचण्यात आला. पुढे आरएसव्हीची साथ आली तेव्हा लस घेतलेल्या आणि संसर्ग झालेल्या मुलांपैकी सुमारे 80 टक्के मुलांना रुग्णालयात ठेवावे लागले. तुलनेसाठी निवडलेल्या, ही लस न घेतलेल्या मुलांत हे प्रमाण 5 टक्के होते. लस घेतलेली दोन बालके दगावली. संरक्षणासाठी दिलेल्या लसीनेच आजार बळावल्यावर पुढील कित्येक दशके या विषयाला हात घालताना संशोधक कचरत राहिले, आणि ते योग्यच होते असे मला वाटते.

या अपयशाचे एक मोठे कारण 2013 मध्ये स्पष्ट झाले. पेशीत शिरण्यासाठी विषाणू ज्या एफ प्रथिनाचा उपयोग करतो, ते आधी लावून ठेवलेल्या उंदराच्या सापळ्यासारखे ताणलेले असते आणि पेशीला भिडताच त्याचा आकार कायमचा पालटतो. सर्वांत प्रभावी प्रतिपिंडे (विषाणूला चिकटून त्याला रोखणारी शरीरातील प्रथिने, म्हणजेच अँटिबॉडीज) त्या ताणलेल्या रूपाच्या टोकाला चिकटतात. जुन्या लसीतील प्रथिन मात्र आधीच पालटलेले होते. त्यामुळे शरीरात प्रतिपिंडे भरपूर तयार झाली, पण विषाणूला रोखण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम आणि पीटर क्वाँग यांच्या चमूने हे ताणलेले रूप उलगडून दाखवले आणि प्रथिनात मोजके बदल करून ते त्याच रूपात टिकवूनही धरले.

कोविडची लस लवकर आली, त्याचा एक धागा इथेच सापडतो. प्रथिन मूळ आकारात जखडून ठेवण्याची हीच कल्पना पुढे करोनाविषाणूंच्या काट्यांसारख्या प्रथिनावर वापरण्यात आली, आणि फायझर व मॉडर्ना यांच्या लसी त्यावरच आधारलेल्या होत्या. (आपल्याकडे बहुसंख्यांनी घेतलेल्या कोविशील्डमध्ये मात्र हा बदल नव्हता.)

आरएसव्हीच्या लसींना अमेरिकेत 2023 मध्ये मान्यता मिळाली, पण त्यांपैकी एकही थेट बाळाला टोचण्यासाठी नाही. मे महिन्यात दोन लसी साठीपुढील व्यक्तींसाठी मंजूर झाल्या, आणि त्यांतील फायझरची लस ऑगस्टमध्ये गरोदरपणाच्या 32 ते 36 आठवड्यांदरम्यान देण्यासही परवानगी मिळाली. आईची प्रतिपिंडे वारेतून गर्भाला मिळतात आणि जन्मानंतरचे पहिले काही महिने बाळाचे रक्षण करतात. बाळासाठी निरसेव्हिमॅब हे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही आहे, मात्र ती लस नव्हे. तान्ह्या मुलांना थेट लस देण्याबाबतची धास्ती अजून सरलेली नाही: मॉडर्नाच्या एमआरएनए लसीच्या चाचणीत लस घेतलेल्या बालकांत गंभीर आजार अधिक दिसल्याने 2024 मध्ये ती चाचणी थांबवण्यात आली.

प्रश्न: ही लस ज्येष्ठांना फ्लूच्या लसीप्रमाणे दरवर्षी घ्यावी लागते का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: सध्या तरी नाही. फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेला त्याच्या लसीतील प्रकार वर्षातून दोनदा ठरवावे लागतात. आरएसव्हीचे एफ प्रथिन त्या मानाने फारसे बदलत नाही. अमेरिकेत ज्येष्ठांसाठी तूर्त एकाच मात्रेची शिफारस आहे. तिचा प्रभाव काळानुसार किती ओसरतो हे पाहून पुढील मात्रेचा निर्णय होईल.