पुण्यात ७१८ केमॅन वापरायची तर पूर्ण गाडीला पीपीएफ करावी का, की सिरॅमिक कोटिंग पुरे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वापरलेली पोर्शे ७१८ केमॅन घेतलीत, महिन्यातून दोनदा पुणे-कोल्हापूर होतं, पूर्ण गाडीच्या पीपीएफचे (म्हणजे रंगावर चिकटवायच्या पारदर्शक फिल्मचे) अडीच लाख सांगतायत, ते घालावेत की सिरॅमिकवर भागवावं. आणि जाता जाता शेवटी लिहिलंय, "पुढचा बंपर मागच्या मालकाने रंगवून घेतलाय असं कळलं, त्याने काही फरक पडतो का?"

मी या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसलोय. बाकीचं आधी उरकतो.

सिरॅमिक दगड अडवत नाही. दुकानदार नाइन एच, नाइन एच (थराच्या कडकपणाचा आकडा) करत बॉनेटवर लायटर पेटवून दाखवतो, पण रस्त्यावर तुमच्या गाडीला कुणी लायटर लावणार नाहीये. तो थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा. कंपनीचा सगळा रंग, प्रायमरपासून क्लिअरपर्यंत (सगळ्यात वरचा पारदर्शक थर), साधारण शंभर-सव्वाशे मायक्रॉन, आणि फिल्म एकटीच दीडशे ते दोनशे. खडीपुढे सिरॅमिक म्हणजे गारपिटीत डोक्यावर पदर. पाणी घसरतं, धुवायला सोपं जातं, चकाकी येते. त्यासाठी करायचं असेल तर जरूर करा.

फिल्मचं तसं नाही. ती पॉलियुरेथेनची, रबरासारखी; दगड आपटला की दबते आणि धक्का पसरवते. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी हेलिकॉप्टरांच्या पात्यांना जी फिल्म लावायचे तिचीच ही नात-पणती. तुमच्या गाडीचं नाक जमिनीपासून वीतभरही वर नाही, आणि सातारा ते कागल सहापदरीकरणाचे डंपर तुम्हाला माझ्याइतकेच माहीत असणार. तेव्हा पुढच्या भागाला फिल्म लावा. छपराला कशाला? छपरावर दगड आभाळातून पडणार का?

आता बंपर.

माझे वडील, आण्णा, कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षं गाड्या रंगवायचे. बूथ, म्हणजे रंग मारायची बंद खोली, वगैरे नव्हतं. पत्र्याची शेड, खाली पाणी मारून धूळ बसवायची आणि पहाटे चारला गन हातात घ्यायची, कारण तेव्हा वारा नसतो आणि चिलटंही नसतात. एखादं अडकलंच तर ओल्या रंगातून सुईच्या टोकानं असं काढायचे की दुसऱ्या दिवशी जागा सापडायची नाही. आता ती शेड दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, चालवतो. त्यानं बूथ घातलंय. मी पुण्यात टूलरूममध्ये, रंगाशी संबंध नाही.

२०१८ मध्ये मी सेकंडहँड ऑडी टीटी घेतली, टँगो रेड. आण्णांनी दारावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "रंग बरा आहे." आयुष्यात त्यांच्या तोंडून दुसऱ्याच्या रंगाचं एवढं कौतुक मी ऐकलेलं नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला. शिरोलीजवळ हायवे बंद होता, घरी फोनवर फोन. रस्ता सुरू झाल्यावर मी निघालो. सगळीकडे वाहून आलेली खडी आणि चिखल. किणी टोलनाक्याच्या अलीकडे एका डंपरच्या मागे अडकलो, अंतर ठेवलं नाही, ती चूक माझीच. बॉनेटवर सतरा टवके. आणि पुढे पाण्याबरोबर आलेला एक ओंडका बंपरच्या खालच्या ओठात घुसला, बंपर फाटला. नवा बंपर आणला, कोरा, काळा, बिनरंगाचा.

आण्णांनी दम्यामुळे चार वर्षं गन धरली नव्हती. पण गाडी बघितली आणि म्हणाले, ही मी मारणार. लाल मेटॅलिक जुळवणं म्हणजे काय असतं ते न केलेल्याला सांगून कळत नाही. गन चार बोटं लांब गेली, हवेचा दाब थोडा इकडेतिकडे झाला की त्याच डब्यातला रंग वेगळा दिसतो. त्यांनी तीन पत्र्यांवर रंग मारून बघितला, प्रत्येक पत्रा दारात नेऊन उन्हात गाडीशेजारी धरला, तिसरा पसंत पडला. बंपरची तयारी, म्हणजे धुणं, पेपर मारणं, प्लास्टिकचा प्रायमर, हे दादाकडे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. २८ ऑगस्टच्या पहाटे आण्णांनी बॉनेट आणि बंपर मारला. मास्कमधून त्यांचा श्वास शेडच्या बाहेर ऐकू येत होता. आमच्या घरात त्यांनी मारलेला तो शेवटचा रंग.

मारून झाल्यावर म्हणाले, "महिनाभर हिला काय लावायचं न्हाई. वारं लागू दे."

हार्डनर घातलेला रंग रात्रीत हाताला कोरडा लागतो, पण आतलं थिनर पुढे कित्येक आठवडे हळूहळू बाहेर पडत असतं. वर प्लास्टिक चिकटवलं की त्याला जायला वाट नाही. हे मला ठाऊक होतं, पेंटरच्या घरात वाढलोय. पण पुण्यात फिल्मचे आगाऊ पैसे भरले होते, तारीख मिळाली होती ९ सप्टेंबरची, पुढची मिळायला दीड महिना. दादानं फोनवर सांगितलं, नको. मी म्हणालो, बघू. आण्णांना विचारलं तर ते म्हणाले, "पीपीएफच करायची तर पोस्टात कर, पंधरा वर्षांनी पैसे तरी मिळतील."

रंग मारून तेरावा दिवस होता. फिल्म लावणाऱ्या पोरांचं काम बघत बसलो. लहान बाळाचा शाम्पू घातलेलं पाणी फवारायचं, फिल्म त्यावर तरंगती ठेवायची, ओढून बसवायची, मग रबरी पट्टीनं मधून कडेला पाणी हाकलायचं, कडेला स्पिरिट मिसळलेलं पाणी मारलं की फिल्म तिथे पकडते. हात चांगला होता पोरांचा, उगाच नावं ठेवणार नाही. कडा आत वळवल्या होत्या.

तीन-चार महिन्यांनी बॉनेटच्या पुढच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढे फुगे आले. दुकानदार म्हणाला, पाणी आहे, जाईल. पाणी दोन-चार आठवड्यांत जातं, हे गेलं नाही. आण्णा पुण्याला आले तेव्हा त्यांनी एक फुगा नखानं दाबून बघितला आणि काही बोलले नाहीत. २०२१ मध्ये ते गेले.

डिसेंबर २०२२ मध्ये सोसायटीत कुणीतरी स्कूटर घासली. बंपरच्या कोपऱ्यावर फिल्म आरपार कापली गेली. (फिल्म स्वतःहून भरून येते म्हणतात ते वरवरच्या ओरखड्यांचं. गरम पाणी टाका, खरंच जातात. कापलेलं भरून येत नाही.) तेवढा तुकडा बदलायचा म्हणून जुना ओढला, तर फिल्मबरोबर रंग आला. हातभर लांब पट्टी, एका बाजूला फिल्म, तिला चिकटलेला आण्णांचा लाल, आणि खाली बंपर काळा कुळकुळीत, जसा डब्यातून काढला होता तसा.

पट्टी घेऊन कोल्हापूरला गेलो. दादानं ती उजेडात धरली आणि म्हणाला, "तेराव्या दिवशी लावलीस. रंगाचा तेरावाच घातलास की रं." आईसमोर म्हणाला.

माझं म्हणणं तेव्हा हे होतं, आणि बरंचसं आजही आहे: तेरा दिवसांमुळे फुगे आले, मान्य. पण रंग मुळासकट सुटण्याचं कारण ते नाही. बॉनेटही त्याच पहाटे मारला, तोच डबा, तोच हार्डनर, तीच गन, फिल्मही त्याच दिवशी लागली. बॉनेटची फिल्म नंतर काढली तेव्हा क्लिअरवर खुणा राहिल्या, पण रंग जागेवर होता. बंपर मात्र थेट काळ्यापर्यंत सोलला. म्हणजे प्लास्टिकला रंगानं पकडलंच नव्हतं. कोऱ्या बंपरवर साच्यातून सुटावा म्हणून लावलेला तेलकट पदार्थ असतो. तो नीट धुतला नाही, किंवा प्लास्टिकच्या प्रायमरचा हात घाईत फिरला, तर वर साक्षात आण्णांनी मारला तरी तो रंग नुसता बसलेला असतो, चिकटलेला नसतो. आणि धुणं-प्रायमर कुणाकडे होतं ते वर लिहिलंय.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, फरक पडतो. फिल्म लावताना नव्हे, काढताना. कंपनीचा रंग कारखान्यात भाजून निघालेला असतो, तो सहसा सुटत नाही. बाहेर मारलेल्या रंगाची खात्री ज्यानं मारला त्यालाही नसते. म्हणून फिल्मवाले रंगवलेल्या पार्टची जबाबदारी घेत नाहीत, तसं लिहून घेतात. आणि रंगाची जाडी मोजायचं मशीन आणून बघतो म्हणाल तर ते पत्र्यावर चालतं, लोखंड किंवा ॲल्युमिनियम. साधं मशीन प्लास्टिकच्या बंपरवर आकडाच दाखवत नाही. दुकानदार बंपरवर मशीन टेकवून मान डोलवत असेल तर तिथून निघा. त्यापेक्षा हेडलाइटच्या खाचेत, बंपरच्या आतल्या कडेला बॅटरी मारून बघा: टेपची रेघ, रंगाचा उडालेला धुरळा, खरखर. मागच्या मालकाला तारीख विचारा आणि बिलही मागा. रंगवून दोन-तीन महिने होऊन गेले असतील तर फिल्म लावायला हरकत नाही, फक्त ती कधीतरी निघणार आहे आणि निघताना काय होईल हे तेव्हाच कळेल, एवढं मनात धरून लावा.

माझ्या मते तुम्ही काय लावावं: बंपर, पूर्ण बॉनेट (अर्ध्याची रेघ दिसते आणि तिच्यात मळ बसतो), पुढची मडगार्डं, आरसे, हेडलाइट, काचेच्या बाजूचे खांब, दाराखालची पट्टी. आणि केमॅनमध्ये इंजिन मध्ये असल्यानं दाराच्या मागे हवेची जी तोंडं आहेत, ती विसरू नका. पुढचे टायर खडी थेट तिथे फेकतात. तसंच मागच्या चाकाच्या पुढची बाजू. हे सगळं त्या अडीच लाखांच्या निम्म्यात बसायला हवं, न बसल्यास दुसरं दुकान बघा. टीपीयू, म्हणजे वर सांगितलेली पॉलियुरेथेनची फिल्म, सांगून टीपीएच नावाची स्वस्तातली गळ्यात मारतात. ती मुळात पीव्हीसीच्या घरातली, काही उन्हाळ्यांत पिवळी पडते. खोका समोर फोडायला लावा, रोलचा नंबर वॉरंटीवर चढवून घ्या. आणि फिल्म मशीनवर कापून आणतात की गाडीवर ब्लेड चालवतात ते विचारा. ब्लेडची रेघ क्लिअरमध्ये गेली तर फिल्म निघाल्यावर दिसते.

गाडी मॅट रंगाची असेल तर वरचं विसरा आणि पूर्ण करा, मॅटला पॉलिश मारून सुधारता येत नाही. काळी असेल आणि वॉचमनच्या फडक्यानं पुसली जाणार असेल तरीही पूर्ण. झाडाखाली लागत असेल, तर छपराबद्दल मी जे बोललो तेही मागे घेतो, कारण कावळे आहेत. दोन वर्षांत विकणार असाल तर काहीच करू नका, पैसे वसूल होत नाहीत. विम्यात फिल्मचे पैसे सहसा मिळत नाहीत, तेही आधी विचारून घ्या.

अजून एक, जे वर लिहायला हवं होतं. बॉनेटची फिल्म नंतर दुकानात काढली, वाफ देऊन, दोन पोरांनी तास-दीड तास लावून. बंपरची तशी नव्हती काढली. ती काढायला पोरगा सोसायटीत आला होता, डिसेंबरची सकाळ, पार्किंगमध्ये गारठा, आणि लाइट गेलेली. तो म्हणाला, साहेब, हीट गन चालल्याशिवाय नको, थंडीत गोंद सुटत नाही. मला दहाला भोसरीत पोचायचं होतं. मी म्हणालो, ओढ. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि ओढली.

तेव्हा बॉनेट आणि बंपर यांची तुलना वर मी जितकी ठासून केलीय तितकी ती सरळ नाही. प्रायमरबद्दलचं माझं मत मी तरीही सोडलेलं नाही. दादाला हे सांगितलेलं नाही, पण तो अशी उत्तरं वाचतो, त्यामुळे आता कळेलच.

ती पट्टी त्याच्याकडेच आहे, शेडमध्ये कॉम्प्रेसरच्या वर खिळ्याला लावलेली. गिऱ्हाईक फिल्मबद्दल विचारायला आलं की काढून दाखवतो. गेल्या दिवाळीत मी मागितली, दिली नाही. मागून बघितली तर नुसता प्रायमर दिसतो, राखाडी, काही ठिकाणी विरळ. फिल्मच्या बाजूनं बघितली तर रंग अजून ओला असल्यासारखा दिसतो.