मिक्सरच्या मागे उभा राहा

चि. बाबू,

तिकीट काढलंस हे तुझ्या आईकडून कळलं. पैशांवरून घरात तापलंय म्हणे. त्यांच्याशी मी बोलतो. सत्तरी ओलांडलेला माणूस वरळीच्या डोममध्ये गिटार घेऊन उभा राहणार आणि त्यासाठी तू नागपूरहून रात्रभर गाडीत बसून जाणार, यात रागावण्यासारखं मला तरी काही दिसत नाही. फक्त 'अगदी पुढे, कठड्याला चिकटून उभा राहतो' असं तू म्हणालास, तेवढ्यासाठी हे लिहितोय.

ती चूक मी करून बसलोय. एप्रिल २००३, मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम, रोलिंग स्टोन्स हा रॉक बँड. दुपारपासून उन्हात तिष्ठत पुढची जागा पटकावली आणि मग तासभर बेसच्या स्पीकरचे दणके छातीवर झेलले. गाणारा जॅगर दिसत होता, शब्द एक कळत नव्हता. अरे, टॉप, म्हणजे वरचे स्पीकर, टांगलेले असतात ते मागच्या लोकांसाठी. त्यांच्या पोटाखाली उभं राहिलं की नुसती धडधड वाट्याला येते. शेवटी वैतागून मागे सरकत सरकत साउंडवाल्यांच्या तंबूपाशी आलो आणि गाणं एकदम मोकळं झालं. गिटार वेगळी, आवाज वेगळा, ड्रम आपल्या जागी. होणारच ना! मिक्सरवरचा, म्हणजे सगळे आवाज जुळवायच्या यंत्रावरचा माणूस जिथे बसतो तिथल्या कानानेच तो सगळं लावतो. रेशीमबागेतल्या कार्यक्रमांना साउंड लावताना आपण तेच करतो, पण मला तेव्हा सुचलं नाही.

तिथूनच पडद्यावर त्यांच्या ड्रमरचा, चार्ली वॉट्सचा उजवा हात पाहिला. तेव्हा तो ६१ वर्षांचा होता. बाकीचे ड्रमर हाय-हॅटवर, म्हणजे झांजांच्या जोडीवर, ठोके सलग मारत जातात. हा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला डावा हात स्नेअरवर, म्हणजे समोरच्या करकरीत ड्रमवर पडला की उजवा वर उचलून घ्यायचा, तेवढा ठोका गाळायचा. म्हणून तो स्नेअर एकटा, कोरा ऐकू यायचा. रेकॉर्डवर मी हे वर्षानुवर्षं ऐकलं होतं, पण काय ऐकतोय हे त्या रात्री कळलं. तूही पडद्यावर चेहरे बघत बसू नकोस, हात बघ. मोबाइल खिशात ठेव. तू काढलेला व्हिडिओ तू स्वतःसुद्धा दुसऱ्यांदा बघणार नाहीस.

आता आवाजाचं. 'म्हाताऱ्याला आता वरचं लागत नाही' असं तुझे मित्र म्हणतील. नसेल लागत. आपल्याकडे वय झालेल्या गवयाने पट्टी उतरवली तर कोणी कुरकुरत नाही, उलट तो आता थोडक्यात काय मांडतो ते आपण कान देऊन ऐकतो. मग यानेच पंचविशीतल्यासारखं किंचाळावं हा हट्ट कशाला? हे लोकही पट्टी उतरवतात, तू गिटारवाला आहेस म्हणून तुला ते पकडता येईल. बोटं ई कॉर्डवर आणि कानावर पडतोय ई-फ्लॅट, असं झालं की समज, सगळ्या तारा अर्ध्या सुराने खाली लावल्यात. मूळ रेकॉर्ड आधी दोनदा ऐकून जा. कुठली ओळ तो लोकांवर सोडतो, कुठे वर जायचं टाळून खालून वळण घेतो, ते टिपून आण. एवढ्या वर्षांची अक्कल तिथे असते बापा, सोलोत नाही.

आणि कान. यावर वाद घालायचा नाही. ८५ डेसिबलमध्ये माणसाने दिवसाला ८ तास राहावं असा हिशेब आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. कार्यक्रम दोन तासांचा. एसी/डीसी या रॉक बँडच्या गायकाला, ब्रायन जॉन्सनला २०१६ मध्ये कानांपायी दौरा अर्धवट सोडावा लागला. माझ्या उजव्या कानात शीळ आहे हे तुला ठाऊक आहे, पण रात्री पंखा बंद केला तर मला झोप लागत नाही, ती त्या शिळेमुळे, हे तुला सांगितलं नव्हतं.

मेडिकलमधून फोमचे बोळे घे. कापसाने काही होत नाही. बोळा बोटांत वळून बारीक कर, दुसरा हात डोक्यामागून आणून कानाची पाळी वर ओढ, आत सरकव आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट धरून ठेव. झांजा जरा मंद वाटतील, वाटू दे. दोन-तीन गाण्यांत सवय होते.

गाडीत खायला घरून ने. सुटल्यावर गर्दीबरोबर धावू नकोस, दहा मिनिटं थांबून निघ.

सोमवारी रेशीमबागेत कार्यक्रम आहे, चारला पोच. बेस उचलायला माणूस कमी आहे. आणि त्यांच्या ड्रमरचा उजवा हात काय करत होता ते मला सांग.

तुझा,
काका