'गुंगी' आणि 'भूल' एकच का?

मांजरीच्या नसबंदीआधी सही करायच्या संमतिपत्रात 'गुंगीमुळे हृदयाचे ठोके मंदावू शकतात' आणि पुढच्याच ओळीत 'भुलीत रक्तदाब उतरू शकतो' असं छापलंय. दोन्ही शब्द एकच ना, असा प्रश्न आहे.

एकच नाहीत. गुंगीत जनावर मान टाकतं, डोळे जड होतात, पण जोरात टोचलं तर पाय ओढून घेतं. भुलीत जाणीवच जाते. तिसरा शब्द 'बधिर करणे'. गाईचं पोट उभ्यानेच उघडायचं असेल तर लिग्नोकेन टोचून तेवढी कूस बधिर करतात, गाय जागीच असते. त्यामुळे पूर्ण भुलीच्या शास्त्राला 'बधिरीकरणशास्त्र' म्हणणं मला कधीच पटलेलं नाही. 'भूलतज्ज्ञ' कितीतरी नेमका शब्द आहे.

संमतिपत्रात दोन ओळी वेगळ्या ठेवल्या ते फार बरं झालं, कारण हृदयाचं दुखणंही दोन्हीकडे वेगळं. झायलाझीन किंवा डेक्समेडेटोमिडीनने गुंगी दिली की आधी रक्तवाहिन्या आवळतात, दाब चढतो आणि तो सावरायला हृदय आपले ठोके कमी करतं. अशा वेळी ठोके वाढवायला घाईने अॅट्रोपीन दिलं, तर आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध हृदयाला आणखी राबावं लागतं. त्यापेक्षा गुंगीच उलटवतात, डेक्समेडेटोमिडीनवर अॅटिपामेझोल देऊन. आयसोफ्लुरेन हा वायू हुंगवून दिलेल्या भुलीत उलटं होतं: वाहिन्या सैलावतात, दाब खाली येतो. सरासरी दाब 60 च्या खाली राहिला तर मूत्रपिंडांना रक्त पुरत नाही. मग आधी वायू कमी करायचा, हृदय धडधाकट असेल तर सलाईन वाढवायचं, तरी भागलं नाही तर डोपामीनसारखं दाब चढवणारं औषध.

माझी हरकत आहे ती 'उतरू' या क्रियापदाला. ताप उतरतो, सूज उतरते, भूलही उतरते. ऐकणाऱ्याला हायसं वाटतं. 'गोळी घेतल्यावर बीपी उतरलं' हे आपण आनंदानेच सांगतो. इथे 'रक्तदाब घसरू शकतो' हवं.

आमच्या कुत्रीच्या ऑपरेशनच्या वेळी मी टेबलाशी उभा होतो. मॉनिटरवर आकडे होते, तरी डॉक्टरांची दोन बोटं तिच्या मांडीच्या आतल्या बाजूला, नाडीवर होती. एकदा ते मदतनीसाला म्हणाले, "नाडी बारीक लागतेय, वायू कमी कर." 'उतरली' नव्हे, 'बारीक लागतेय'.